पुली उलटी दिसते तवा

माझं तोंड एकदा सुरू झालं का थांबत नाही, असं सारं गाव म्हणते. म्हणू दे. मी दुर्गेश्वरी. अर्जुनी मोरगावपासून दोन कोसावर आमचं गाव आहे. गावात शिरलं का डाव्या हाताले टिनाचं शेड दिसते, ते आमचं. आत एकाच मोटरवर दोन मशिनी आहेत, एक धान भरडायची अन् दुसरी पिठाची चक्की. चक्की मी चालवते. धानाची मशीन तीन वर्षांपासून बंद आहे, अन् ती चालवणारा माणूसही तीन वर्षांपासून घरी नाही. माणूस म्हणजे माझा नवरा, ओमेश्वर. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून कोणी दात काढू नका. राग एवढा होता, का नाव घ्याले मले काही वाटेनासं झालं होतं.

राग होता, हे खरं. पण सकाळी शेडचं शटर उचलताना दुसऱ्या बाजूनं कोणाचा हात लागत नव्हता, तवा जीव कसा तुटायचा ते मलेच माहीत. यांच्या शर्टाले कायम कोंड्याचा वास यायचा. मी वीस वर्षं नाक मुरडलं. "आधी अंग धुवा, मंग ताटावर बसा," हे माझं रोजचं. गेले तवा एक शर्ट खुंटीवर राहून गेला. तो मी धुतला नाही. आमची पोरगी रेणू एकदा म्हणे, "आई, याचे फडके करू का?" मी अशी ओरडली तिच्यावर, का पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

हे तिकडं तेलंगाण्यात एका मोठ्या राइस मिलमध्ये कामाले लागले होते. मले कोणी सांगितलं नाही, मी काढून घेतलं. ते फोन करत फक्त रेणूले, अन् रेणू फोन घेऊन आंगणात जात असे. मंग मी काय करायची, "आण, चार्जिंगले लावते," म्हणून तिचा फोन घ्यायची अन् गुपचूप यांचं स्टेटस पाहायची. कधी धानाच्या पोत्यांची थप्पी, कधी तिकडचं देऊळ, कधी नुसता शुभ सकाळवाला गुलाब. एवढा मोठा बाप्या माणूस अन् गुलाब टाकते! पाहून झालं का मी फोन पालथा ठेवून द्यायची. पोरीचा फोन रोज पुरा चार्ज राहत होता, तरी तिनं कधी काही विचारलं नाही.

आता आमच्या कामाची एक गोष्ट सांगावी लागते, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्याकडं लाइनीचा काही नेम नाही. वादळात खांब पडते, लाइनमन येते, तारा जोडून जाते. कधी कधी तारा इकडच्या तिकडं लागतात अन् मोटर उलटी फिरते. मोटर उलटी तर मशीनही उलटी. धान पुढं जायच्या जागी मागं दाबल्या जाते, पट्टा उतरते, कोणाच्या अंगावर येते. म्हणून लाइन जोडून झाली का आमचा रिवाज ठरलेला होता. हे स्टार्टरजवळ उभे राहत अन् मी पुलीसमोर. मशीनवर लाल रंगानं बाण काढला असते, पुली कोणत्या बाजूनं फिरली पाहिजे ते दाखवाले. हे बटन दाबून लगेच सोडत. मी बाण पाहायची, पुली पाहायची अन् ओरडायची, "सुलटी!" नाहीतर "उलटी!" उलटी म्हटलं का हे दोन तारा बदलून टाकत. वीस वर्षांत मी एकदाही चुकली नाही. हे गावभर सांगत फिरायचे, "माझी मशीन दुर्गीच्या डोळ्यावर चालते."

आता तो दिवस सांगते.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. नवे धान निघाले होते, शेडमध्ये लोकांची झुंबड. मी चक्कीवर, हे धानाच्या मशीनवर अन् यांच्यासोबत माझा लहान भाऊ इंद्रकुमार. आमचं माहेर मुर्रीचं. मायबाप गेल्यावर मी त्याले इकडं आणलं, यांनी त्याले काम शिकवलं. तवा तीस वर्षांचा होता, त्याच्यासाठी पोरगी पाहून ठेवली होती. दुपारी मशीनीत तणस, म्हणजे धानाचा वाळला पेंढा, अडकलं. मोटर बंद केली तर चक्कीही बंद पडते, म्हणून अशा वेळी धानाच्या मशीनीचा पट्टा दांडीनं बाजूच्या रिकाम्या पुलीवर सरकवतात. मोटर फिरत राहते, धानाची मशीन तेवढी थांबते. यांनी दांडी ओढली. पुलीकडं पाह्यलं. म्हणाले, "थांबली. घाल हात." अन् इंद्रकुमारनं हात घातला.

थांबली नव्हती. पट्टा अर्धाच सरकून अडकला होता, अन् चक्कीच्या घरघरीत कोणाले काही ऐकू येत नव्हतं. मी किंकाळी ऐकून धावली, स्टार्टर पाडून मोटर बंद केली. तवा पुली फिरत फिरत थांबली, ते मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं. भावाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. जीपगाडीत घालून गोंदियाले नेलं त्याले. रस्त्यात कोहमारा येईपर्यंत माझा पदर लालभडक झाला होता. अन् हे समोरच्या सीटवर बसून एकच म्हणून राहिले होते, "मी पाह्यलं होतं. थांबली होती."

मी दवाखान्यात तोंड उघडलं, ते गावात येईपर्यंत बंद केलं नाही. चार माणसं घरी विचाराले आली तवा त्यांच्यासमोर म्हटलं, "डोळे फुटले होते का तुमचे? फिरणारी पुली दिसली नाही? माझ्या भावाचा हात खाल्ला तुम्ही, अन् वरून खोटं बोलून राहिले!" हे म्हणाले, "दुर्गी, तुझी शप्पथ, थांबली होती." मी म्हटलं, "माझी शप्पथ घालू नका. पाह्यलंच नाही तुम्ही. कामचुकारपणा केला अन् आता लपवून राहिले." पाहुणे खाली मान घालून बसले. इंद्रकुमार खाटेवर होता, हाताले पांढरं बांधलेलं. तो काही बोलला नाही.

आठ-दहा दिवस हे तेच तेच सांगत राहिले. मंग सांगणं सोडलं. मंग माझ्याशी बोलणंच सोडलं. एका सकाळी उठून पाहते तर शेडची किल्ली चुलीजवळ ठेवलेली, अन् माणूस गेलेला. मी म्हटलं, जाऊ दे, तोंड लपवाले गेले. इंद्रकुमारची सोयरीक मोडली ती त्याच महिन्यात. त्याचा हात पाह्यला का माझा राग पुन्हा पेटायचा. असं करत तीन वर्षं काढली.

अन् परवा ते स्टेटस आलं.

दुपारची वेळ. रेणू कॉलेजातून आली, फोन ओट्यावर ठेवून हातपाय धुवाले गेली. मी सवयीनं फोन उचलला. यांनी व्हिडिओ टाकला होता, खाली लिहिलं होतं, "नवीन मशीन, आज पहिली चालू." हे स्वतः व्हिडिओत नव्हते. मी तरी कोपऱ्या-कोपऱ्यात पाह्यलं, एखादा हात, एखादी चप्पल दिसते का म्हणून. मंग नजर पुलीवर गेली, जाणारच. मशीनवर लाल बाण उजवीकडं होता. अन् पुली डावीकडं फिरून राहिली होती. हळूहळू, आरामात, उलटी.

तीनदा पाह्यलं. उलटीच. म्हटलं, यांच्या समोर आता कोणीच नाही ओरडून सांगणारं. तिकडची माणसं नवी, मशीन नवी. पट्टा उतरला अन् यांच्याच अंगावर आला तर? यांचा नंबर माझ्या फोनमध्ये नव्हता, रागात काढून टाकला होता. पण डोक्यातून कुठं जाते? मी लावला.

दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला. मागं मिलीचा केवढा तरी घोंगाट.

"बोल," एवढंच म्हणाले. कोण म्हणून विचारलं नाही. माझा नंबर त्यांनी काढला नव्हता.

"मशीन बंद करा," मी ओरडली. "पुली उलटी फिरून राहिली!"

"काय?"

"आधी बंद करा, मंग बोला! उलटी आहे!"

त्यांनी पुढं एक शब्द विचारला नाही. फोन तसाच हातात घेऊन धावले, मले त्यांच्या चपलांचा आवाज आला. मंग घोंगाट कमी कमी होत गेला अन् मिल बंद पडली. कोणीतरी तेलगूत ओरडून राहिलं होतं यांच्यावर. एवढी मोठी मिल या माणसानं माझ्या एका शब्दावर बंद केली. तीन वर्षं ज्या बाईनं एक फोन केला नाही, तिच्या शब्दावर.

थोड्या वेळानं आवाज आला. "पाह्यलं. सुलटी आहे, दुर्गी. पट्टाही जागेवर आहे."

"असं कसं? मी डोळ्यानं पाह्यलं! बाण इकडं, पुली तिकडं."

"सुलटीच आहे. मी बटन दाबून सोडून पाह्यलं."

"मी काय आंधळी आहो का? माझ्या डोळ्यानं पाह्यलं म्हणते ना मी!"

मंग ते हळूच म्हणाले, "मीही डोळ्यानंच पाह्यलं होतं, त्या दिवशी." अन् फोन ठेवला.

मी ओट्यावर बसून राहिली. रेणू मागं उभी होती, तिनं सारं ऐकलं होतं. मले वाटलं आता हे कार्टं बापाची बाजू घेऊन भांडते. भांडली नाही. माझ्या हातातून फोन घेतला, घरातला पंखा लावला अन् त्याचा व्हिडिओ काढला. "पाह्य," म्हणे. डोक्यावर पंखा गरगर फिरून राहिला होता, नेहमीसारखा. फोनमध्ये तोच पंखा उलटा. हळूहळू, रेंगाळत. तिनं पंखा एक नंबरनं कमी केला, तर फोनमध्ये पंखा सुलटा झाला.

"हे काय चेटूक आहे?" मी म्हटलं.

"चेटूक नाही, आई. फोन सलग पाहत नाही. एका सेकंदात तीस फोटो काढते अन् एकामागे एक दाखवते. दोन फोटोंच्या मधात काय झालं ते त्याले माहीत नसते." तिनं तीन बोटं पसरून दाखवलं, तिन्ही पात्यांसारखी. "हे पातं फिरत फिरत याच्या पुढच्या पात्याच्या जागेजवळ येते, पण जरासं कमी पडते. सारी पाती सारखी. तर फोनले वाटते, पुढचंच पातं जरासं मागं सरकलं. प्रत्येक फोटोत थोडं थोडं मागं. म्हणून उलटं दिसते. बरोब्बर जागेवर आलं तर थांबलेलं दिसते."

"थांबलेलं?"

"हाव. एकदम उभं."

मी म्हटलं, "पण तो फोन आहे. माणसाचा डोळा काही फोटो काढत नाही."

"डोळ्यालेही दिसू शकते, पण मंग उजेड तसा पाहिजे. लुकलुक करणारा. स्वस्तातले लाइट असतात ना, ते एका सेकंदात शंभर वेळा चमकतात अन् विझतात. आपल्याले समजत नाही, सलगच वाटते. पण फिरणारी वस्तू त्या लाइटात फक्त चमकल्यावरच दिसते. मधातलं दिसतच नाही."

आता सांगते, मले शेडमधला लाइट काऊन आठवला ते. शेडमधला धानाच्या मशीनीचा कोपरा अंधारा आहे, तिथं दिवसाही लाइट लागते. आधी पिवळा बल्ब होता, जुना. त्या दिवसाच्या आठ दिवस आधी तो गेला. मी अर्जुनीच्या बाजारातून पांढऱ्या लाइटाची पट्टी आणली, सगळ्यात स्वस्त. हे म्हणालेही होते, "हे डोळ्याले कसंतरीच लागते. बल्बच आण ना." मी म्हटलं होतं, "कायले कुरकुर करता? एवढा लखलखाट पडून राहिला, अन् यांले अंधार पाहिजे." लाइट मी आणला होता. हट्टानं.

त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उठल्या उठल्या मी इंद्रकुमारले म्हटलं, "चल शेडात. धानाच्या मशीनीचा पट्टा चढवायचा आहे." तो पाहतच राहिला. तीन वर्षं मी त्या कोपऱ्यात पाय ठेवला नव्हता. पण माझ्या तोंडाकडं पाहून तो मुकाट्यानं आला. रेणूही आली. पट्टा कडक झाला होता, चढवता चढवता माझ्या नखातून रक्त आलं. मंग मी शटर खाली ओढलं, दार लावलं अन् ती पट्टी लावली. लागली. तीन वर्षांनीही लागली, मेली.

इंद्रकुमार डाव्या हातानं स्टार्टरवर. मी पुलीसमोर, दोन हात दूर.

मोटर सुरू झाली. पुली हलली, फिरली, तिचे सहा आरे एकात एक मिसळून धुरकट झाले. वेग वाढत गेला. मंग त्या धुरकटातून आरे हळूहळू दिसाले लागले. आधी वाटलं उलटी फिरून राहिली. मंग आणखी सावकाश. मंग उभी. सहाच्या सहा आरे वेगवेगळे, मोजता येतील असे, जागच्या जागी. मोटर कानात घुमून राहिली होती अन् माझ्या डोळ्यासमोर पुली थांबलेली होती. मी तणसाची एक काडी लांबून तिच्यावर टाकली. काडीचा भुगा होऊन टिनावर आदळला.

"बंद कर!" मी ओरडली. इंद्रकुमारनं बंद केली.

मी तिथंच खाली बसली, कोंड्यात. वीस वर्षं मी पुली पाहून सांगत होती. माझ्या डोळ्यावर मशीन चालत होती. त्या दिवशी त्या पुलीसमोर मी असती, तर मीही "थांबली" म्हटलं असतं. मीच म्हटलं असतं, "घाल हात." अन् मी त्या माणसाले चार लोकांत खोटारडा म्हटलं. माझी शप्पथ घातली तरी ऐकलं नाही. जीवाची एवढी लाही लाही माझी कधी झाली नव्हती.

"तुले दिसली का रे?" मी इंद्रकुमारले विचारलं. "स्टार्टरजवळून दिसली का थांबलेली?"

तो खाली पाहून म्हणे, "ताई, मले त्या दिवशीही दिसली होती."

"काय दिसली होती?"

"थांबलेली. हात घालायच्या आधी मीही पाह्यलं होतं. भाऊजीनं म्हटलं म्हणून नुसता नाही घातला हात. मलेही उभीच दिसली."

मंग माझ्या तोंडून शब्द असे निघाले का रेणूनं माझा हात धरला. "तीन वर्षं! तीन वर्षं तू माझ्या घरात माझ्या हातचं खाल्लं, अन् हे तोंडातून काढलं नाही? तुझ्यासमोर मी त्यांले कुत्र्यासारखं बोलली, अन् तू खाटेवर पडून ऐकत राहिला? काऊन रे? काऊन नाही बोलला?"

"भ्यालो," तो म्हणे. त्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं. "मी म्हटलं असतं, मीही पाह्यलं, तर सारे म्हणाले असते, मंग चूक तुझीच. हात गेला तो गेलाच, अन् वरून मूर्ख म्हणले असते. तू भाऊजीवर तुटून पडली तवा मले बरं वाटलं, ताई. खरं सांगतो. माझ्यावर कोणी काही बोलत नव्हतं. मंग भाऊजी गेले. मंग तर बोलाले तोंडच राहिलं नाही. अन् नंतर नंतर मलेच वाटाले लागलं, असं कसं दिसेल? फिरणारी पुली उभी कशी दिसेल? नसंलच दिसली."

त्याले दोन थोबाडीत माराव्या असं वाटलं. त्या तुटक्या हाताकडं पाह्यलं अन् नाही मारल्या. मी कोणत्या तोंडानं मारू? बोलाले त्याले जागा मीच ठेवली नव्हती.

"मले कायले सांगते," मी म्हटलं. "ज्याले सांगाले पाहिजे त्याले सांग." अन् मी फोन लावून त्याच्या हातात दिला. आवाज मोठा केला, आम्हालेही ऐकू यावा म्हणून.

यांनी उचलला. "काय झालं? आता काय उलटं आहे?" आवाजात चीड होती. बरोबरच होती.

"भाऊजी, मी इंद्रकुमार."

एकदम वेगळ्याच आवाजात ते म्हणाले, "इंद्रकुमार? हात कसा आहे तुझा?"

झालं. या प्रश्नावर इंद्रकुमारले हुंदका आवरेना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणे, "हात बरा आहे. भाऊजी, ऐका. त्या दिवशी हात घालायच्या आधी मीही पुली पाह्यली होती. मलेही थांबलेली दिसली. मी बोललो नाही. भ्यालो होतो. आत्ताच ताईनं मशीन लावून पाह्यली, त्याच लाइटात. तिलेही उभी दिसली. तो लाइट तसा आहे, रेणू सांगते. त्यात फिरणारी पुली उभी दिसते."

मंग यांचा आवाज आला, इतका बारीक, का आम्ही तिघं फोनवर वाकलो.

"मंग मी खरंच पाह्यलं होतं?"

"हाव, भाऊजी."

"खरंच पाह्यलं होतं मी," ते पुन्हा म्हणाले. "मी तर इकडं येऊन मानूनच घेतलं होतं रे, मी पाह्यलंच नाही म्हणून. दुर्गी म्हणते, सारे म्हणतात, तर नसंलच पाह्यलं. कामाच्या घाईत तोंडातून निघून गेलं असंल. मीच खोटा. रोज आठवून पाहतो, तर मले ती उभीच दिसते. मले वाटलं, मी माझ्या मनालेही खोटं शिकवलं."

हे ऐकून मले राहवलं नाही. मी इंद्रकुमारच्या हातातून फोन ओढला. "तुम्ही खोटे नाही," मी म्हटलं. "मी चुकली. लाइट मी आणला होता. तुम्ही नको म्हटलं तरी आणला. तुम्ही खरं बोलून राहिले होते अन् मी तुम्हाले चार लोकांत पायाखाली तुडवलं. माझी जीभ झडली पाहिजे होती."

"असं नको म्हणू." मंग थांबून म्हणाले, "पण एक आहे. मी दांडी पुरी बसली का नाही, ते नाही पाह्यलं. पुली पाह्यली, पट्टा नाही पाह्यला. तेवढी चूक माझी आहेच. त्याची बोटं काही लाइटानं परत येत नाहीत."

"असू द्या. ती चूक घेऊन घरी या. अन् मीही माझी घेऊन बसते. पण घरी या हो."

"लोक काय म्हणतील? गाव काय म्हणन?"

"गावाले मी सांगीन. चार माणसांसमोर बोलली होती ना मी, त्याच चार माणसांले बोलावून सांगीन. या शेडमध्ये शटर ओढून, पट्टी लावून दाखवीन एकेकाले. ज्याले पटणार नाही त्यानं माझ्याकडं पीठ दळाले येऊ नये."

तिकडं ते हसले का रडले, मले समजलं नाही. रेणू म्हणे हसले. मले तसं वाटलं नाही.

"काल मशीन बंद केली म्हणून मुकादम बोलला मले," ते म्हणाले. "मी म्हटलं, माझ्या बायकोनं सांगितलं, तर मी बंदच करीन. तो म्हणे, कुठं आहे तुझी बायको? मले काही सांगता आलं नाही."

मी पदरानं डोळे पुसले. "सांगा आता, घरी आहे म्हणून. वाट पाहून राहिली म्हणून सांगा. तीन वर्षांपासून पाहून राहिली आहे, मेली तोंडानं कबूल करत नव्हती."

"उद्याची बल्लारशाची गाडी पकडतो," ते म्हणाले. "अर्जुनीले परवा सकाळी उतरीन. रेणूले पाठव स्टेशनवर."

"रेणू कायले?" मी म्हटलं. "मी येईन."